खान्देशात ड्रॅग स्ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले आम्ही काही गाडीवेडे. कुणाचं गॅरेज आहे, कुणी पाइपच्या कारखान्यात शिफ्टला जातो, कुणाची केळीची बाग आहे. गाड्यांच्या पाट्या १९, १८ आणि ३९ अशा मिसळलेल्या. मागणी एकच आहे: गाडी पळवायला सरळ, बंदिस्त आणि रीतसर परवानगी असलेली पट्टी. टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे काय? टीव्हीवर दिसतो तसला रेस ट्रॅक का?

नाही. इथे वळणच नसतं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, सरळ रेषेत ठरलेलं अंतर कापायचं. दहा-पंधरा सेकंदांत खेळ खल्लास. पुढची जोडी.

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. अमेरिकेत तो १९६३ पासून वापरात आहे. पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणात आलं की वरचे छोटे दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी गाडी हलली की लाल दिवा लागतो आणि ती फेरी गेली.

एक गोष्ट नव्या माणसाला पटकन पटत नाही. गाडीचा वेळ हिरवा दिवा लागल्यापासून मोजत नाहीत, गाडी किरणातून बाहेर पडल्यापासून मोजतात. दिवा लागल्यावर तुम्ही किती उशिरा निघालात ते वेगळं नोंदवतात. समजा एकाने ०.६०० सेकंद उशीर केला आणि ९.९० सेकंदांत पट्टी संपवली, दुसरा ०.२५० ला निघाला आणि त्याला १०.१० लागले. गाडी पहिल्याची जोरात, पण शेवटच्या रेषेवर दुसराच आधी पोहोचतो. हरलेला माणूस वेळ छापलेली चिठ्ठी घेऊन टायमिंगवाल्याशी भांडायला येतो तो याच फरकामुळे.

पाव मैल कुठून आला?

पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपले ४०२ मीटर. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यती याच अंतरावर व्हायच्या, तिथल्या एका जातीच्या घोड्यांना ‘क्वार्टर हॉर्स’ नाव पडलं ते त्यामुळेच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस जनावर आधी थोडं पळवून बघतो, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या तळ्यांवर आणि रिकाम्या धावपट्ट्यांवर गाड्या पळवू लागली. १९५० मध्ये सांता आना विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग रेस सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली. तिचा सुरुवातीचा हेतू आमच्यासारखाच होता: पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागेत आणायचं.

मग तुम्ही ४०२ सोडून २०१ मीटरच का मागता?

कारण पैसा आणि जमीन लागते ती थांबण्यासाठी. सगळ्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

रस्त्यावर चालणारी चांगली गाडी २०१ मीटरच्या, म्हणजे अष्टमांश मैलाच्या शेवटी १२० ते १५० च्या वेगात असते. १५० वरून बेताचा ब्रेक मारत थांबायला साधारण १८० मीटर लागतात, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी ४० मीटर पुढे गेलेली असते. पाव मैलावर तीच गाडी थोडी तयार केलेली असेल तर २०० ला टेकते, आणि मग हाच हिशेब ३७० मीटरच्या आसपास जातो. हे ब्रेक शाबूत असताना. ब्रेक गरम होऊन सुटले, टायर फुटला किंवा ॲक्सिलरेटरची केबल अडकली तर काय, याचं उत्तर जमिनीतच द्यावं लागतं: आणखी लांबी, आणि शेवटी वाळूचा खड्डा.

अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान गाड्यांचं अंतरसुद्धा कमी केलेलं आहे. २००८ मध्ये स्कॉट कलिटा हा चालक पात्रता फेरीतल्या अपघातात मरण पावला, त्यानंतर एनएचआरएने त्या वर्गांसाठी १३२० ऐवजी १००० फूट केले. तिथे ते लाजिरवाणं वाटलं नाही, मग ‘अर्धीच पट्टी का’ म्हणून इथे कुणी नाक मुरडू नये. पारोळ्याकडे एक माळ बघायला गेलो तेव्हा बांधावर बसलेल्या आप्पांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गाडी कितली पयस ते जाऊ द्या, थांबस कथा ते सांगा.” सरकारी टेबलावर एवढा मुद्द्याचा प्रश्न आम्हाला अजून कुणी विचारलेला नाही.

एकूण जागा किती लागेल?

मागे रांगेसाठी आणि टायर गरम करण्यासाठी ८० मीटर, धावायला २०१, थांबायला ४००, वाळू ६०. म्हणजे सुमारे ७५० मीटर लांब. रुंदी ६० मीटर धरा: दोन लेन, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, गाड्या परत आणायचा रस्ता आणि मोकळी पट्टी. झाले साडेचार हेक्टर, आपल्या भाषेत अकरा एकर. पिट, म्हणजे गाड्या तयार करायची जागा, आणि पार्किंग धरून पंधरा. पाव मैलासाठी नुसती पट्टीच वीस-एकवीस एकरांवर जाते.

आकडा मोठा वाटत नाही, पण अकरा एकरांचं चौकोनी शेत मिळणं आणि ७५० मीटर सरळ रेषा मिळणं यात फार फरक आहे. नकाशावर पट्टी ठेवून बघा. ती दहा गटांतून जाते. मध्ये कुणाची विहीर येते, कुणाचा बांध, एक नाला, पाणंद रस्ता, वरून हाय टेन्शनची लाइन. एकाने ‘नाही’ म्हटलं की रेषा वाकली, आणि वाकलेली ड्रॅग स्ट्रिप नसते.

दिशाही बघावी लागते. पूर्व-पश्चिम पट्टी केली तर संध्याकाळी चालकाच्या डोळ्यात थेट ऊन. उत्तर-दक्षिण हवी, आणि थांबण्याच्या टोकाला रस्ता, कालवा किंवा वस्ती नको. तिकडे थोडा चढ असला तर उत्तमच, गाडी फुकटात हळू होते.

धावपट्ट्या आहेत की! जळगाव, धुळे, शिरपूर. तिथे का नाही?

सगळ्यांना आधी हेच सुचतं, आम्हालाही सुचलं होतं. जळगावच्या विमानतळावर प्रवासी विमानं उतरतात, तो विषय संपला. धुळ्याची गोंदूरची आणि शिरपूरजवळची तांड्याची धावपट्टी वैमानिक प्रशिक्षणासाठी आहे. शिकाऊ विमान उतरतं तिथे रबराचे तुकडे, नट-बोल्ट किंवा ऑइल सांडून ठेवणं कुणालाच परवडणार नाही.

कल्पना मात्र चुकीची नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झालेल्या आहेत. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे तर जुन्या धावपट्टीच्या जागेवरच उभा राहिला, २००३ मध्ये. पण त्यासाठी धावपट्टी मोकळी लागते.

नवा चौपदरी हायवे एक रविवार बंद करून भागणार नाही का?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणाराही गुन्हेगार आणि पळवणाराही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्ष आणि दहा हजार.

संमती मिळूच शकत नाही असं नाही. २०२३ मध्ये हैदराबादला आणि २०२४ मध्ये चेन्नईला शहरातल्या रस्त्यांवर मोठ्या शर्यती झाल्या. त्यांच्यामागे सरकार उभं होतं आणि रस्त्याभोवती किलोमीटरच्या किलोमीटर अडथळे उभारले होते. आपला ५३ नंबरचा महामार्ग, म्हणजे जुना सहा नंबर, सुरत ते नागपूरची सगळी मालवाहतूक ओढतो. दुभाजकात तोडलेली वाट असते, तिच्यातून ट्रॅक्टर निघतो, म्हैस निघते. तो रस्ता आम्हाला एका दिवसासाठीही नको.

मग जागा शोधताय कुठे?

मुरमाड माळावर. शिंदखेडा, साक्री, पारोळा, धुळे तालुका, जिथे पाणी कमी आणि जमीन हलकी. रावेर-यावलच्या बागायतीकडे बघायचंसुद्धा नाही, केळीची जमीन मोडून कुणी गाड्या पळवायला लागला तर गाव त्याला उभं करणार नाही आणि बरोबरच करेल. सातपुड्याच्या पायथ्याला यावल आणि अनेर अभयारण्यं आहेत, तिकडेही नको. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यावर कायद्याने बंधनं आहेत, म्हणून नंदुरबारकडून आलेले तसे प्रस्ताव आम्ही विनम्रपणे बाजूला ठेवतो, मालक कितीही राजी असला तरी.

‘गायरान घ्या ना, सरपंच आपलाच आहे’ हे दर बैठकीत कुणीतरी म्हणतं. गायरान गावाच्या गुरांचं असतं. सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे. सरपंच आपला असून उपयोग नाही.

खासगी शेतजमीन, मालकाशी दीर्घ मुदतीचा करार आणि रीतसर एनए हा एक मार्ग. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, हे पुण्या-मुंबईहून ‘मी पैसे टाकतो’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दुसरा मार्ग एमआयडीसीचा. नरडाण्यासारख्या वसाहतीत मोठे सलग भूखंड असतात, रस्ता-वीज आधीच पोहोचलेली असते, आणि शेजारी कारखाना असेल तर आवाजाची तक्रारही नाही. आमच्या मते हाच मार्ग जास्त शहाणपणाचा आहे, जरी तिथे रेसिंग हा शब्द ऐकून खुर्चीतला माणूस थोडा मागे सरकतो.

काळ्या मातीवर पट्टी टिकेल?

जशीच्या तशी नाही टिकणार. कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावचा डांबरी रस्ता तिसऱ्या वर्षी लाटा मारतो तो यामुळेच. साध्या रस्त्यावर लाट आली तर फार तर कंबर दुखेल, इथे १४० च्या वेगात गाडीची एक बाजू हलकी झाली तर ती थेट भिंतीकडे जाते.

माती खोलवर उपसायची, मुरूम भरून थर थर रोलरने दाबायचा, खडी, मग डांबर, आणि दोन्ही बाजूंना पाण्याचा निचरा. गाडी जिथून सुटते तो पहिला टप्पा काँक्रीटचा. सगळा जोर तिथेच पडतो, टायर डांबर ओरबाडून काढतात. माळाची जमीन म्हणूनच हवी: खाली मुरूम आयता मिळाला की अर्धा खर्च जमिनीखाली गाडायची वेळ येत नाही.

एकूण खर्च किती ते सारखं विचारलं जातं. आकडा इथे छापत नाही, कारण जागेच्या आधी काढलेला आकडा खोटाच असतो.

आपल्याकडच्या उन्हात हे जमेल का?

मे महिन्यात नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ ला जातो तेव्हा डांबर साठीच्या पुढे असतं. रेषेवर चिकटपणासाठी मारलेलं द्रावण आणि साचलेलं रबर तेव्हा पकड द्यायचं सोडून घसरायला लागतं. शिवाय गरम हवा विरळ असते: ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास हलकी, म्हणजे इंजिनला ऑक्सिजनही तेवढाच कमी. जानेवारीत सकाळी टर्बो गाडी चालवून बघा आणि मग तीच मेमध्ये दुपारी, फरक पायाला कळतो.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. म्हणजे भरिताचाच हंगाम. आमच्या बैठका आत्ताही कुणाच्या तरी मळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीवरच होतात, त्यामुळे वेळापत्रक बदलावं लागणार नाही.

माझ्याकडे जुनी अल्टो आहे. मी काय करणार तिथे?

जिंकणार, नीट चालवलीत तर. ब्रॅकेट रेसिंग नावाचा प्रकार आहे. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर लिहायचं. तुम्ही १२.८० लिहिलंत आणि शेजारच्या ऑक्टाव्हियावाल्याने ९.६० लिहिलं, तर तुमचा हिरवा दिवा ३.२० सेकंद आधी लागतो. आता दोघंही लिहिल्याप्रमाणे पळाले तर रेषेवर एकदमच पोहोचतात, मग दिवा बघून कोण आधी सुटला यावर निकाल. आणि हुशारी करून मुद्दाम जास्त वेळ लिहिलेला चालत नाही: ऑक्टाव्हियावाल्याची गाडी ९.५२ ला गेली आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे आलात, तर तो बाद. पैशापेक्षा हात आणि डोकं बघणारा हा खेळ आहे. आमचा भर यावरच राहील.

बाइकसुद्धा चालतील. भारतात ड्रॅगच्या राष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः बाइकच्याच असतात, चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, म्हणजे पूर्वीच्या मद्रास मोटर रेस ट्रॅकवर. आरएक्स हंड्रेडवाल्यांनी एवढ्या वर्षांत गोळा केलेले पार्ट सांभाळून ठेवावेत.

गाडी मॉडिफाय केलेली आहे. आरटीओ पकडेल का?

रस्त्यावर पकडू शकतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू नये असं कायदा सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पट्टी बंदिस्त जागेत असली तरी तुमच्या घरापासून पट्टीपर्यंतचा रस्ता सार्वजनिकच राहतो. जास्त काम केलेली गाडी टोचन करून किंवा टेम्पोत घालून आणा.

विम्याचंही ऐकून ठेवा. तुमच्या पॉलिसीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांना हे संरक्षण लागू नाही. पट्टीवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा.

प्रेक्षक कुठे उभे राहणार?

भिंतीच्या मागे, जाळीच्याही मागे, आणि सुटण्याच्या टोकाकडेच. यावर आमच्यातही वाद होतात, कारण गर्दी नाही तर मजा नाही असं काही जणांचं म्हणणं आहे. बारागाड्या बघितलेल्या माणसाला समजावायची गरज नाही: भगत गाड्या ओढत येतो आणि लोक वाटेला अगदी खेटून उभे असतात, मागचा पुढच्याला रेटतो, आणि चाकाखाली माणूस सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे गाड्या पळत्या माणसाच्या वेगाने येतात. इथे गाडी सेकंदाला चाळीस मीटर जाते.

रुग्णवाहिका आणि आगीचा बंब जागेवर उभा असल्याशिवाय पहिली फेरी सुटणार नाही. रुग्णवाहिका पेशंट घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत खेळ बंद. रानडुक्कर आणि नीलगाय आत येऊ नये म्हणून पूर्ण कुंपण हवं. हे शेतकऱ्यांना पहिल्या मिनिटाला सुचतं, शहरातल्या पोरांना सुचत नाही.

गावाला काय मिळणार? आवाजाचा त्रास तेवढा?

रोजगाराची मोठी आश्वासनं आम्ही देत नाही. चार-दोन वॉचमन, चहा-नाश्त्याच्या गाड्या, जमीनमालकाला भाडं, वर्षातले काही रविवार गर्दी. याहून जास्त कुणी सांगत असेल तर तो आमचा माणूस नाही. आवाज होणार. म्हणून फक्त दिवसा, सूर्य मावळायच्या आत बंद, परीक्षेच्या दिवसांत बंद, आणि वस्ती, शाळा, दवाखाना यांच्यापासून लांब. ग्रामसभेत आधी ठराव, मग पुढचं सगळं. ठराव झाला नाही तर दुसरं गाव बघायचं.

पट्टी झाली की बायपासवरच्या रेस बंद होतील का?

सगळ्या नाही. रात्री अकराला दोन मित्रांत पैज लागते ती रविवारच्या परवानगीची वाट बघत नाही. पण ज्याला खरंच आपली गाडी किती पळते ते बघायचं आहे, त्याच्या हातात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा छापलेली चिठ्ठी पडली की बायपासवरच्या ‘मी पुढे होतो’ला किंमत राहत नाही. रस्त्यावर रेस करताना सापडलेल्याला आमच्याकडे प्रवेश नाही, हा नियम आत्ताच ठरलेला आहे. आणि पट्टीवर पैशाची पैज लावणाऱ्यालाही नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलंय.

त्याला घेऊन या, स्वतः बरोबर या. टायमिंग, झेंडे, तांत्रिक तपासणी, यात हातांची गरज असते आणि तिथेच खरं शिक्षण आहे. गाडी मात्र देऊ नका, पट्टीवरही आणि रस्त्यावरही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

परवानगी शेवटी देणार कोण?

एकच खिडकी नाही. जमिनीसाठी महसूल किंवा एमआयडीसी, कार्यक्रमासाठी जिल्हा प्रशासन आणि पोलीस, आणि खेळ म्हणून एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. चालकाचं स्पर्धा लायसन्स आणि स्पर्धेची मान्यता त्यांच्याकडून. तिथे वैयक्तिक माणसापेक्षा नोंदणीकृत क्लब म्हणून जावं लागतं, म्हणून आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवायची आहे. नावावरून अडलंय. प्रत्येकाला आपल्या तालुक्याचं नाव त्यात हवं आहे.

वर्गणी कुठे भरू?

कुठेही नाही. संस्थेची नोंदणी आणि बँक खातं होईपर्यंत आम्ही एक रुपयाही घेत नाही. आमच्या नावाने कुणी क्यूआर कोड पाठवला तर तो फसवतोय असं समजा.

जागा सुचवायची आहे. काय पाठवू?

गाव, तालुका, गट नंबर, ताजा सातबारा आणि गटाचा नकाशा. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते आधी स्वतः वाचा, सहा भावांची सामाईक जमीन असेल तर सहाही जणांशी बोलणं झालेलं हवं. विहिरी, विजेचे खांब, नाला आणि जवळचं घर नकाशावर पेनाने खूण करून दाखवा. मोबाइलवरच्या नकाशात ७५० मीटरची रेषा ओढून त्याचा स्क्रीनशॉट जोडलात तर अर्धं काम तिथेच झालं. फोटो पावसाळ्यातलाही असू द्या, म्हणजे पाणी कुठे तुंबतं ते दिसेल. रेषा ६०० मीटरवर अडत असेल तरी पाठवा, पुढच्या गटाच्या मालकाचं नाव तेवढं लिहा.